ज्यांचा अभ्यास, त्यांच्या हाती

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या तीन छोट्या देशांशी असलेला मुक्त सहयोगाचा करार आणखी वीस वर्षांसाठी वाढवला. मायक्रोनेशियाचं संघराज्य, मार्शल बेटं आणि पलाऊ या तिघांना मिळून ७.१ अब्ज डॉलर मिळायचे आहेत. बदल्यात तिथल्या अफाट समुद्रावर अमेरिकी लष्कराला मोकळीक आणि इतरांच्या लष्कराला मज्जाव. पहिल्या दोन देशांशी हा व्यवहार १९८६ पासून चालू आहे, पलाऊशी १९९४ पासून. मायक्रोनेशियाला मिळणारा पैसा कशावर खर्च व्हावा याची क्षेत्रं २००४ पासूनच्या सुधारित करारात नेमून दिली होती: शिक्षण, आरोग्य, पायाभूत सुविधा, पर्यावरण, खासगी उद्योग, सरकारी यंत्रणेची क्षमता. शाळा आली, दवाखाना आला, रस्ता आला. पण आपल्या समाजात काय घडतंय, ते का घडतंय, हे शोधून लिहून ठेवणं आणि लोकांपुढे मांडणं हे काम यांपैकी कुठल्याच खात्यात बसत नाही. जवळपास चार दशकं ते काम तिथे मुख्यतः एका शिक्षकाने आणि त्याने उभ्या केलेल्या छोट्या संस्थेने केलं. हा शिक्षक अमेरिकी होता आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा धर्मगुरू होता. त्यांचं नाव फादर फ्रान्सिस हेझेल.

बाहेरच्या माणसाने, त्यातही मिशनऱ्याने, एखाद्या छोट्या समाजाचा इतिहास लिहावा का, यावर बरंच बोललं जातं आणि बोललं जायलाच हवं. पण त्या वादात सगळा जोर अभ्यासक कोण होता यावरच खर्च होतो. त्याने केलेला अभ्यास शेवटी कुणाच्या हाती पडला, आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना तो वाचून खोडून काढता येईल अशी सोय होती का, हे प्रश्न मागे राहतात. हेझेल यांचं काम या दोन प्रश्नांवर उतरतं म्हणून मला ते मोलाचं वाटतं. आणि ते काम एका माणसाच्या निष्ठेवर उभं होतं, ही त्या देशांच्या दृष्टीने काळजीची बाब वाटते.

हेझेल १९६३ मध्ये चुउकला आले. चुउक हे आज मायक्रोनेशियाच्या संघराज्यातल्या चार राज्यांपैकी एक, तेव्हाचं नाव ट्रूक. प्रवाळांच्या कड्याने वेढलेलं प्रचंड खारकच्छ आणि त्यात डोंगराळ बेटं. दुसऱ्या महायुद्धात हा जपानी आरमाराचा मोठा तळ होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी विमानांनी इथे डझनावारी जहाजं बुडवली आणि ती अजून तळाशी आहेत. खारकच्छातल्या वेनो बेटावर जपान्यांनी युद्धासाठी बांधलेली, जाडजूड काँक्रीटच्या भिंतींची एक दळणवळण केंद्राची इमारत शिल्लक राहिली होती. तिच्यात १९५२ मध्ये जेझुइटांनी शाळा सुरू केली, झेवियर हायस्कूल. याप, पलाऊ, पोनपेई, मार्शल अशा दूरदूरच्या बेटांवरून निवडून घेतलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं एका वसतिगृहात राहायची. पुढे मायक्रोनेशियाच्या संघराज्याचे अध्यक्ष झालेले मॅनी मोरी याच शाळेचे. धर्मगुरूपदाचं शिक्षण पूर्ण व्हायचं असताना हेझेल इथे तरुण मास्तर म्हणून आले, मग ते शिक्षण पुरं करायला मायदेशी गेले, १९६९ मध्ये दीक्षा घेतली आणि परत चुउकलाच आले. पुढे त्यांनी ही शाळा चालवली.

ते आले ते वर्षही महत्त्वाचं आहे. १९४७ पासून ही बेटं संयुक्त राष्ट्रसंघाच्या विश्वस्त व्यवस्थेखाली अमेरिकेकडे होती आणि पहिली पंधरा वर्षं अमेरिकेने तिथे फारसा पैसा घातलाच नव्हता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धोरण बदललं. खर्चाची मर्यादा एकदम दुपटीवर गेली. शाळा, कचेऱ्या, दवाखाने उभे राहू लागले, १९६६ पासून पीस कोर या अमेरिकी सरकारी संस्थेचे शेकडो तरुण स्वयंसेवक आले. पगारी नोकरी ही गोष्ट बेटांवर मोठ्या प्रमाणात याच काळात शिरली. म्हणजे जो बदल समजून घेण्यात हेझेल यांचं आयुष्य गेलं, तो त्यांच्या वर्गातल्या पोरांच्या घरात त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होता. त्याचा पहिला हिशेब त्यांनी शिक्षणापासूनच मांडला. चुउकमध्ये हायस्कूल पास होणाऱ्यांची संख्या काही वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी होती ती शेकड्यांवर गेली. या सगळ्या मुलांना सरकारी नोकरी हवी होती आणि सरकार चालत होतं ते अमेरिकेच्या पैशावर. एका हायस्कुलाचा मुख्य माणूस आपल्याच कामाच्या परिणामांवर असं बोट ठेवतो, हे मला विशेष वाटतं. शाळा काढणाऱ्यांना शाळा हे औषधच वाटत असतं.

इतिहासाकडे ते वळले तेही वर्गातूनच. मुलं अमेरिकी पुस्तकांवर शिकत होती आणि त्यांच्या स्वतःच्या बेटांचा सलग इतिहास कुठे लिहिलेलाच नव्हता. हेझेल यांनी आधी एक अतिशय कंटाळवाणं, पण पायाचं काम केलं. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कॅरोलिन (चुउक, याप, पोनपेई, पलाऊ यांतलेच) आणि मार्शल बेटांवर कुठलं जहाज कधी आलं, कुठल्या बेटाला लागलं, तिथे काय झालं, याची यादी. स्पॅनिश गलबतं, व्हेल मारणारी अमेरिकी जहाजं, खोबरं आणि समुद्रकाकड्या घेणारे व्यापारी, पळालेले खलाशी, मिशनरी. ही यादी १९७९ मध्ये छापली गेली. तिच्यावर उभा असलेला १५२१ ते १८८५ या काळाचा इतिहास १९८३ मध्ये आला आणि नंतरच्या शंभर वर्षांचा, म्हणजे स्पेन, जर्मनी, जपान, अमेरिका या चार राजवटींचा, १९९५ मध्ये. स्पेनने ही बेटं १८९९ मध्ये जर्मनीला चक्क विकली. १९१४ मध्ये जपानने ती घेतली, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीला तर जपानी वसाहतींमधले लोक मूळ बेटकऱ्यांपेक्षा संख्येने जास्त झाले होते. ज्या बेटकऱ्याच्या आजाने जपानी शाळेत मार खाल्ला आणि बापाने अमेरिकी कचेरीत अर्ज भरले, त्याला हे सगळं एका धाग्यात वाचायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

तरी हेझेल यांच्या कामात मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते आत्महत्यांच्या अभ्यासापाशी. इतिहास येण्याने काय साधतं, याचं इतकं थेट उत्तर मी दुसरीकडे क्वचित पाहिलं आहे.

सत्तरच्या दशकात मायक्रोनेशियात, आणि चुउकमध्ये सगळ्यांत तीव्रपणे, तरुण मुलगे जीव देऊ लागले. त्याआधीच्या पिढीत अशी घटना क्वचितच घडायची. आता लाट आली, आणि या वयाच्या मुलग्यांमधलं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांत जाऊन बसलं. लगेच सुचणारं स्पष्टीकरण तयारच होतं: जुन्या आणि नव्या संस्कृतीच्या कात्रीत सापडलेला, शिकलेला, गोंधळलेला तरुण. आजही जगभर असल्या प्रश्नांवर हेच वाक्य टाकून लोक मोकळे होतात. हेझेलही आधी त्याच वाटेने गेले. पण त्यांनी नुसतं मत मांडलं नाही, ते एकेक घटना गोळा करत गेले. मुलगा कोण, कुठल्या गावचा, किती शिकलेला, आदल्या दिवशी घरात काय झालं, कोण कुणाला काय म्हणालं. सहकाऱ्यांच्या मदतीने ही माहिती वर्षानुवर्षं जमत गेली, आणि तिच्यापुढे संस्कृतीच्या कात्रीचं स्पष्टीकरण टिकलं नाही. जीव देणारे मुख्यतः जास्त शिकलेले किंवा सर्वांत आधुनिक झालेले नव्हते. कारणं वरवर क्षुल्लक होती: बापाने दटावलं, थोड्या पैशांना नाही म्हटलं, थोरला भाऊ सगळ्यांसमोर बोलला. जवळजवळ प्रत्येक घटनेच्या मुळाशी घरातल्याच वडीलधाऱ्याशी झालेला बेबनाव होता.

मग प्रश्न बदलला. घरात असं काय बिघडलं की पूर्वी निभावून जाणारी गोष्ट आता निभावेनाशी झाली?

त्यासाठी चुउकचं जुनं घर समजून घ्यावं लागतं. तिथे घर म्हणजे आईबाप आणि त्यांची मुलं एवढंच नव्हतं. घराणं आईकडून चालायचं. जमीन घराण्याची, झाडं घराण्याची. रोजचं मुख्य अन्न म्हणजे नीरफणस, आपल्याकडे कोकणात परसदारी असतो तोच. चुउकमध्ये तो काढणं, भाजणं आणि दगडी मुसळाने कुटणं हे बाप्यांचं काम. घराण्याच्या सामाईक पाकघरात सगळे मिळून ते करायचे, आणि कुटलेला गोळा पानात बांधून कुणाच्या वाट्याला किती हे घराण्याचा वडील माणूस ठरवायचा. पोरांना धाकात ठेवणंही याच मंडळींकडे, म्हणजे मामाकडे आणि घराण्यातल्या इतर वडीलधाऱ्यांकडे. बाप दुसऱ्या घराण्यातून आलेला असायचा आणि त्या मानाने मवाळ, मायाळू. शिस्त एकाकडून आणि माया दुसऱ्याकडून, अशी ही वाटणी होती.

पगार या व्यवस्थेत बसत नाही. तो घराण्याच्या नावे येत नाही, एका माणसाच्या हातात पडतो. नीरफणसाला दहा हात लागतात, तांदळाचं पोतं आणि माशांचे डबे एकट्याला दुकानातून आणता येतात आणि एका चुलीवर शिजतात. ज्याच्या पैशावर चूल पेटते तोच घरात शेवटचा शब्द बोलणार. हळूहळू घराण्याचं पाकघर विझत गेलं, मामा पाहुणा झाला, आणि खाऊ घालणं, दटावणं, शाळेत घालणं, पैसे देणं, नाकारणं हे सगळं बापाच्या एकट्याच्या गळ्यात आलं. माया करणाराच आता नाही म्हणणारा झाला.

चुउकमध्ये धाकट्याने थोरल्यापुढे आवाज चढवायचा नसतो. राग आला तर मुलगा गप्प होतो, जेवत नाही, घरातून निघून जातो. ही मोठ्यांना उद्देशून केलेली तक्रारच असते, फक्त तोंडाने बोललेली नसते. जुन्या घरात असा रुसलेला पोरगा मामाकडे, मावशीकडे जाऊन राहायचा. तिथे त्याला जेवायला मिळायचं, कुणीतरी दोन शब्द समजुतीचे सांगायचं, कुणीतरी बापाशीही बोलायचं, आणि काही दिवसांनी तो घरी परतायचा. नव्या घरात बाप आणि लेक समोरासमोर उरले. मध्ये पडण्याचा अधिकार असलेलं माणूसच उरलं नाही. रुसव्याला परत येण्याची वाट राहिली नाही, आणि काही मुलं परत आली नाहीत.

हा हेझेल यांचा निष्कर्ष. तो अखेरचा शब्द आहे असं मी म्हणत नाही. याच काळात याच प्रश्नावर काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिनस्टाइन यांनी वेगळ्या जागी भर दिला. युद्धानंतर जन्मलेली विशिष्ट पिढी, आणि तरुण पोरांना सामावून घेणारं गावपातळीवरचं जीवन, पुरुषांची सामाईक घरं, हे सगळं नाहीसं होणं. मला दोन्ही मांडण्या एकमेकींना पूरक वाटतात. पण या चर्चेचा माझ्या दृष्टीने खरा लाभ वेगळाच आहे. ज्या घरात मुलगा गेला त्या घरावर ठपका ठेवून, किंवा मुलगाच दुबळ्या मनाचा होता म्हणून, विषय संपवता येत नाही, हे त्यामुळे सिद्ध झालं. बाप वाईट नव्हता. पगार आणि तांदूळ यांनी त्याला अशा जागी आणून उभं केलं होतं जिथे त्याच्या आधी कुठलाच चुउकी बाप एकटा उभा राहिला नव्हता. एवढं समजायला दोन महिन्यांची पाहणी पुरत नाही. घराण्यं माहीत असावी लागतात, पूर्वी कोण कुणाला दटावत असे ते माहीत असावं लागतं, आणि शोकात बुडालेल्या माणसाने दाराशी उभं करावं इतकी ओळख असावी लागते. ती ओळख वर्षानुवर्षं त्यांच्याच पोरांना शिकवणाऱ्या मास्तरापाशी होती.

आणि हे निष्कर्ष नुसते अमेरिकी नियतकालिकांत जाऊन पडले नाहीत. १९७२ मध्ये हेझेल यांनी मायक्रोनेशियन सेमिनार ही संस्था सुरू केली होती. नाव जड असलं तरी काम सोपं होतं: बेटांवरच्या प्रश्नांचा अभ्यास करायचा आणि तो बेटांवरच चर्चेला ठेवायचा. जमिनीची मालकी, दारू, मुलांवरचे अत्याचार, मानसिक आजार, परदेशी गेलेली माणसं, सरकारी पैशाचा हिशेब. संस्था साध्या इंग्रजीत छोट्या पुस्तिका काढायची, लोकांच्या सभा भरवायची, पुढे चित्रफिती काढू लागली, जुनी छायाचित्रं, कागदपत्रं, मायक्रोफिल्म जमवू लागली. १९९२ मध्ये ती पोनपेईला हलली. चर्चेची भूक लोकांत मुळात होतीच, हेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला वेनोच्या बायकांनी दारूपायी चाललेल्या हाणामाऱ्यांना कंटाळून मोहीम चालवली आणि बेटावर दारूबंदी आणली. ती त्यांनी कुठल्या संशोधकाला विचारून आणली नव्हती. अभ्यासाने अशा हातांना आधार द्यायचा असतो.

आता आक्षेप. तो गंभीर आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येणार नाही.

ज्या बदलांचा हेझेल अभ्यास करत होते त्यांतले काही मिशननेच घडवले होते. मारियाना बेटांचं उदाहरण सर्वांत बोचरं आहे. १६६८ मध्ये स्पॅनिश जेझुइट दिएगो लुईस दे सान व्हितोरेस त्यांतल्या ग्वाम बेटावर उतरले, १६७२ मध्ये तिथे मारले गेले, आणि मग कित्येक वर्षं स्पॅनिश सैनिक आणि तिथले मूळ रहिवासी चामोरो लोक यांच्यात चकमकी होत राहिल्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चामोरोंची संख्या चार हजारांच्याही खाली घसरली होती. हेझेल यांनी २०१५ मध्ये या लढायांचा फेरविचार करणारी पुस्तिका लिहिली. त्यांचं म्हणणं असं की प्रत्यक्ष लढाईत मेलेल्यांची संख्या लोकसमजुतीपेक्षा फारच कमी होती आणि लोकसंख्या घटली ती मुख्यतः रोगराईने. दस्तऐवज पाहता हा मुद्दा नीट तपासण्याजोगा आहे. पण तो मांडणारा माणूस त्याच संघाचा सभासद आहे, हे वाचकाने विसरू नये. शिवाय तलवारीने किती मेले आणि देवीने किती, एवढ्याने जबाबदारीचा प्रश्न मिटत नाही. विखुरलेल्या वाड्यांमधल्या माणसांना बळाने उठवून चर्चभोवतीच्या मोजक्या गावांत कोंबलं, त्या गर्दीत रोग पसरला. ही योजना मिशन आणि सैन्य दोघांची मिळून होती. इथे मला हेझेल यांची मांडणी अपुरी वाटते.

या बाबतीत ग्वाममध्ये वाढलेले, पोनपेई आणि फिलिपिन्सचं रक्त असलेले अभ्यासक विसेंते डियाझ यांचं काम महत्त्वाचं आहे. सान व्हितोरेस यांना १९८५ मध्ये रोमने धन्य म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. ती संतपदाची चळवळ, तिच्यातला चामोरो लोकांचा सहभाग आणि तिच्यातली वसाहतवादी बाजू हे सगळं डियाझ यांनी २०१० मध्ये उलगडून दाखवलं. मिशनऱ्याचा इतिहास मिशनऱ्याच्याच हातून येऊ लागला तर काय निसटतं, हे तिथे स्पष्ट दिसतं.

मग हेझेल यांचं काम बाजूला ठेवावं का? मला तसं अजिबात वाटत नाही. त्यांच्या बाजूचा पुरावा त्यांनी उघड्यावर मांडून ठेवला आहे: कुठलं जहाज, कुठलं पत्र, कुठली जनगणना. कुठल्याही चामोरो किंवा चुउकी विद्यार्थ्याला तोच कागद हातात घेऊन त्यांना चूक ठरवता येतं. मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारावर आधारलेला इतिहास एकतर्फी असतोच. पण तो पत्रव्यवहार माद्रिद आणि रोमच्या दप्तरखान्यांत बंद राहिला असता तर त्याला उत्तर देणंही बेटकऱ्यांना शक्य झालं नसतं.

आपल्याकडे याचं एक जवळचं उदाहरण आहे. ज्या संतावरून चुउकच्या शाळेला आणि खुद्द हेझेल यांना नाव मिळालं, त्या फ्रान्सिस झेवियरचा देह जुन्या गोव्यात बॉम जेजूच्या बॅसिलिकेत ठेवलेला आहे. त्याच्या नावाच्या मुंबईतल्या कॉलेजात १९२२ मध्ये हेन्री हेरास हे स्पॅनिश जेझुइट इतिहास शिकवायला आले आणि १९२६ मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाची संशोधन संस्था उभी केली. सिंधू लिपीचं त्यांनी केलेलं वाचन विद्वानांनी मान्य केलं नाही. पण त्यांनी विद्यार्थ्यांना ताम्रपट, शिलालेख, पोर्तुगीज कागद हाताळायला शिकवलं. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइश यांनी १९३१ मध्ये कदंब राजघराण्याचा इतिहास लिहिला. मास्तरची मतं गळून पडतात, शिष्याचं लेखन उभं राहतं. मिशनरी शिक्षकाला मोजायचं तर याच मापाने मोजावं असं मी म्हणेन.

या मापाने मायक्रोनेशियाचं चित्र आशादायक आहे, पण अजून विरळ आहे. चुउक राज्यातल्या एटाल बेटाचे जोकिम पीटर यांनी २००० मध्ये चुउकी प्रवासी आणि क्षितिज या कल्पनेवर लिहिलं. बेट सोडून निघणाऱ्या माणसाचं क्षितिजापलीकडे जाणं आणि परत येणं बेटावरच्या माणसाला कसं दिसतं, हे ते आतून सांगतात. कुठलाही बाहेरचा अभ्यासक, कितीही वर्षं राहिला तरी, हे असं लिहू शकला नसता. अशा लेखकांची गरज डझनांनी आहे, आणि आजचा आकडा तिथे पोचलेला नाही.

स्थलांतराच्याच प्रश्नावर हेझेल यांची भूमिकाही पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी अमेरिकी मदतीवर पोसलेल्या अर्थव्यवस्थेविरुद्ध सतत इशारे दिले: पैसा येतो, कचेऱ्या वाढतात, पिकत काहीच नाही. नंतर त्यांचं मत बदललं. एवढ्याशा जमिनीवर, बाजारपेठांपासून हजारो मैल दूर असलेल्या देशाला स्वतःच्या पायावर उभं राहा असं सांगणं कितपत रास्त आहे, असं ते विचारू लागले. माणसं बाहेर पाठवून त्यांनी घरी पाठवलेल्या पैशावर जगणं हाही एक मार्ग आहे, असं त्यांनी मांडलं. २०१२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ग्वाम, हवाई आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हिंडून मायक्रोनेशियन स्थलांतरितांची पाहणी केली. देशात राहणारे साधारण एक लाख, आणि बाहेर सुमारे पन्नास हजार. तीन माणसांपैकी एक बाहेर.

याच प्रश्नाला फिजी-टोंगाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ मध्ये पार वेगळ्या बाजूने हात घातला होता. त्यांचे आईवडील टोंगन मिशनरी होते आणि त्यांचा जन्म पापुआत झाला. पॅसिफिकमधलं बरंचसं मिशनकार्य बेटकऱ्यांनीच केलं, हे आपण सहसा विसरतो. हाउओफांचं म्हणणं असं की बेटांना छोटी, दूरची, परावलंबी म्हणणं ही जमिनीवरून पाहणाऱ्याची नजर आहे. बेटकऱ्यांच्या पूर्वजांसाठी समुद्र हाच मुलूख होता, आणि आज हवाईला किंवा कॅलिफोर्नियाला जाणारा माणूस तोच मुलूख पुन्हा विस्तारतो आहे. मला हाउओफा जास्त पटतात. तरीही पोर्टलंडला गेलेल्या चुउकी बाईला किती तास काम मिळतं, ती किती भाडं भरते आणि घरी किती पाठवते, हा आकडा हाती असल्याशिवाय त्या विस्तारलेल्या मुलखात कुणाची चूल पेटते आणि कुणाची विझते हे कळत नाही. हाउओफांनी दिलेल्या दृष्टीला हेझेल यांच्यासारख्या पाहणीची जोड लागते, आणि ती पाहणी बेटकऱ्यांनी स्वतः करायला हवी.

२०१० मध्ये हेझेल संस्थेच्या संचालकपदावरून बाजूला झाले आणि तिचा पूर्वीचा जोर ओसरला. त्यांचं लेखन, चित्रफिती, छायाचित्रं लोकांना अजून पाहता येतात, ही मोठी गोष्ट आहे. पण दरमहा नवा प्रश्न घेऊन लोकांना एकत्र बसवणारं कुणी त्या जागी तितक्या ताकदीने उभं राहिलं नाही. त्यात कुणाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. धर्मसंघाकडे निष्ठावान, बिनपगारी, आयुष्यभर एका जागी राहणारी माणसं असतात, म्हणून असं काम त्याला परवडतं. एका सार्वभौम देशाने आपल्या समाजाची समज अशा योगायोगावर सोडू नये.

वीस वर्षांचा नवा पैसा येतो आहे. पोनपेईवर पालिकिरला कॉलेज ऑफ मायक्रोनेशिया आहे. तिथे समाज आणि इतिहास यांच्या अभ्यासासाठी कायमच्या, पगारी जागा निर्माण करणं हा या रकमेपुढे अगदीच किरकोळ खर्च आहे. त्या जागांवर बेटांचीच माणसं असावीत, चारही राज्यांमधली. ग्वाम आणि हवाईतल्या वस्त्यांमध्येही त्यांनी वर्षातले काही महिने काढावेत, कारण एक तृतीयांश देश आता तिकडे आहे. लेखन चुउकी, पोनपेईयन, यापीज, कोसराएन या भाषांतही व्हावं. हेझेल यांची संस्था इंग्रजीवर विसंबली होती आणि इंग्रजी न वाचणारी आजी त्या चर्चेत फक्त ऐकीव भाग घेऊ शकत होती. सरकारला न रुचणारे निष्कर्ष छापण्याची हमी कायद्याने असावी. धर्मसंघाच्या संस्थेला सरकारच्या मर्जीवर जगावं लागत नव्हतं, हे तिचं मोठं बळ होतं आणि सरकारी पगारावर ते आपोआप टिकणार नाही. पहिल्या नेमणुका चुउकला द्याव्यात. तिथे माणसं सर्वांत जास्त आहेत, तिथूनच सर्वांत जास्त बाहेर जातात, आणि तिथल्या मुलांनी जीव का दिला हा प्रश्न त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच एखाद्या मास्तरणीने नव्याने विचारणं अजून बाकी आहे.